संध्याकाळी सहाची भूक: वजन कमी करायला व्यायाम सुरू केलाय तर पोट असं सांभाळा

खरं सांगते, मला व्यायाम कधी अवघड गेला नाही. सकाळी साडेपाचला उठायचं, बूट घालायचे, नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन तासभर भराभर चालायचं, हे पहिल्या आठवड्यापासून नीट जमलं. अवघड गेलं ते संध्याकाळी सहाला. सातपूरचं ऑफिस सुटतं, एबीबी सर्कलच्या सिग्नलला गाडी थांबते, कुठूनतरी तेलात सोडलेल्या भज्यांचा वास येतो आणि पोटात अशी आग पडते की घरी पोचल्यावर पर्स खांद्यावरच असते आणि फ्रीजवरचा चिवड्याचा डबा खाली आलेला असतो. उभ्या उभ्या दोन वाट्या चिवडा, मग चहा, चहाबरोबर खारी, आणि साडेआठला पुन्हा सगळ्यांबरोबर पूर्ण जेवण. असे दोन महिने गेले. रोज चालून वजन उतरलं ते 800 ग्रॅम.

तेव्हा 78 किलो होते, आज 69 आहे, याला अकरा महिने लागले. या अकरा महिन्यांत चालणं फारसं वाढवलेलं नाही, बदललं ते खायचं वेळापत्रक. म्हणून हे लिहितेय, कारण ट्रॅकवर रोज कुणीतरी भेटतं जे म्हणतं की अहो एवढं चालते पण भूकच इतकी लागते की काय करू.

आधी हिशेब मनात पक्का करा, नाहीतर पुढचं पटणार नाही. साधारण 75 किलोचं माणूस 5 किलोमीटर चाललं की अडीचशे ते तीनशे कॅलरी जातात, बस. आता आपल्या रविवारच्या मिसळीचा हिशेब बघा. रश्श्यावर जे लाल तेल तरंगतं ना, त्या तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे 120 च्या आसपास, मूठ दोन मूठ फरसाण म्हणजे 250 च्या पुढे, एक पाव साधारण 110 आणि आपण चार खातो. म्हणजे सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येता येता मिसळ खाल्ली की चाललेलं सगळं फिटतं आणि वर आणखी बरंच पोटात जातं. मिसळ सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, नाशकात राहून ते शक्यही नाही, त्यावर खाली येतेच. सांगायचंय एवढंच की वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, आणि ताट हातात राहतं भूक हातात असेल तर.

भूक म्हणजे नेमकं काय होतं तेही थोडं समजून घ्या, मला याचा खूप फायदा झाला. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं की आता खा. गंमत अशी की हे आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळा ओळखतं, तुम्ही रोज सहाला चिवडा खात असाल तर पोट भरलेलं असलं तरी सहाला ते वाढतं, आणि नाही खाल्लं तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. लाटेसारखं आहे ते. म्हणून काही भुका नुसत्या पंधरा वीस मिनिटं दुसऱ्या कामात घालवल्या तरी जातात. पण काही भुका अशा जात नाहीत, कारण शरीराला खरंच हवं असतं. या दोन्ही ओळखायची माझी एक साधी पद्धत आहे, मनाशी विचारायचं की आत्ता समोर ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ ठेवली तर खाशील का? हो आलं तर खरी भूक, खा. उत्तर आलं की नको, कचोरी असेल तर बघू, तर एक ग्लास पाणी प्यायचं आणि गॅलरीतले कपडे काढून घड्या करायच्या. दहातल्या सहा वेळा तरी तेवढ्याने भागतं माझं.

आता सकाळपासून सुरू करू, कारण संध्याकाळी सहाला जे होतं ते सकाळी आठलाच ठरलेलं असतं. हे मला कळलं ते वहीमुळे. पंधरा दिवस मी फक्त वेळ आणि काय खाल्लं एवढं लिहीत गेले, कॅलरी वगैरे काही नाही. वहीत स्पष्ट दिसत होतं: सकाळी चालून आल्यावर चहा आणि दोन टोस्ट, डब्यात दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी, मग थेट सहा. दिवसभर मला वाटायचं मी किती कमी खातेय, आणि संध्याकाळी शरीर सगळं एकदम मागून घ्यायचं.

व्यायामाच्या आधी काय खायचं हा प्रश्न सगळे विचारतात, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. पाऊण तास तासभर चालणार असाल तर पाणी प्या आणि निघा, रिकाम्या पोटी गरगरत असेल तर अर्धं केळं खा. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल तर मात्र आपल्या मनाने उपाशी पोटी व्यायाम करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायामानंतरचं जास्त महत्त्वाचं आहे आणि इथेच बहुतेक जण फसतात. जोराचा व्यायाम झाला, म्हणजे पळालात, पांडवलेणीच्या पायऱ्या भराभर चढलात, जिममध्ये घाम काढलात, तर त्यानंतर तासभर भूक मरते. घ्रेलिन खाली जातं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स वाढतात. मग आपल्याला वाटतं वा, भूकच नाही, आज नाश्ता नकोच, तेवढ्याच कॅलरी वाचल्या. त्या वाचत नाहीत हो, दुपारी किंवा संध्याकाळी व्याजासकट पोटात जातात. भूक नसली तरी व्यायामानंतर तासा दीड तासात नीट नाश्ता करा. आणि पोहायला जात असाल तर उलटं होतं, गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूक खवळते, त्यामुळे तुमचा डबा पिशवीत तयारच हवा, नाहीतर बाहेरच्या गाडीवरचे पोहे ठरलेले.

नीट नाश्ता म्हणजे काय, तर ज्यात प्रोटीन आहे तो. पोट जास्त वेळ भरलेलं ठेवण्यात प्रोटीनचा हात कुणी धरत नाही, त्याच्या पाठोपाठ चोथा म्हणजे फायबर. आपले कांदेपोहे छान असतात पण प्लेटभर पोह्यात प्रोटीन अगदीच थोडं, म्हणून नऊला खाल्लेल्या पोह्यांवर अकराला पोटात कावळे ओरडतात. पोहे बंद करू नका, अर्धे करा आणि बाजूला दोन उकडलेली अंडी घ्या, 12 ग्रॅम प्रोटीन झालं. अंडं चालत नसेल तर पोह्यातच मूठभर मोडाची मटकी वाफवून घाला आणि वर वाटीभर दही. मुगाचं धिरडं उत्तम. थालीपीठ पण उत्तम, फक्त तेल चमच्याने मोजून सोडायचं, तव्याच्या कडेने धार धरायची नाही. माझ्या आठवड्यातले तीन दिवस मुगाच्या धिरड्याचे असतात, रात्री मूग भिजवायचे, सकाळी आलं मिरची घालून वाटायचे, दहा मिनिटांचं काम आहे.

प्रोटीन किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसाधारण माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम सांगितलंय, वजन उतरवणारे आणि व्यायाम करणारे 1.2 च्या आसपास घेतात. म्हणजे 70 किलोला 80 ते 85 ग्रॅम. आकडा ऐकून घाबरू नका, आपल्या स्वयंपाकघरात जमतं: उसळीची मोठी वाटी 7-8, वाटीभर दही 5, पनीर 50 ग्रॅम घेतलं तर 9, सोयाबीनच्या वड्या कोरड्या 25 ग्रॅम घेतल्या तर 13, मूठभर फुटाणे 6. शेंगदाण्याबद्दल एक सांगते कारण ही चूक मी स्वतः वर्षानुवर्षं केली, शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं पण त्याहून दुप्पट तेल आहे, एका छोट्या मुठीत 170 कॅलरी. टीव्ही बघत बघत वाटीभर खाल्ले की झालं. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

दुपारच्या डब्याचं थोडक्यात. पोळ्या दोनच ठेवा, पण भाजीचा डबा मोठा घ्या आणि एका कप्प्यात रोज उसळ किंवा घट्ट वरण किंवा पिठलं हवंच. आधी काकडी टोमॅटो गाजर जे असेल ते खायचं, मग उसळ, मग पोळी. असं उलट्या क्रमाने खाल्लं की दुसरी पोळी संपता संपता पोट भरल्याचं कळतं. आणि सावकाश, पोट भरल्याचा निरोप वर पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आपण ऑफिसात दहा मिनिटांत डबा बंद करून मोकळे. जेवण झाल्यावर ताक, घरचं, पातळ, जिरं घालून. एक बटाट्याबद्दल पण सांगते, लोक बटाट्याला फार घाबरतात. 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी वेगवेगळे पदार्थ सारख्याच कॅलरीचे देऊन कशाने किती पोट भरतं ते मोजलं, पांढऱ्या ब्रेडला 100 धरलं तर उकडलेल्या बटाट्याला 323, सगळ्यात वर. उकडलेला हं. तळलेल्या बटाट्याची गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा, पाच वाजताचा डबा. माझ्यासाठी सगळं बदललं ते यामुळे.

सहाला भूक लागणारच आहे हे धरून चालायचं आणि तिच्या आधी, भूक अजून शांत असताना, पाचला खायचं. ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये माझा एक स्टीलचा चपटा डबा असतो, घरून भरून आणलेला, त्यात फुटाणे एक मूठ, शेजारी एक काकडी किंवा पेरू, आणि आठवड्यातून दोनदा वाफवलेली मटकी, त्यात कांदा बारीक चिरून, लिंबू, चाट मसाला. मटकीला मोड लांब आलेले असले की चावायला वेळ लागतो आणि मला तेच हवं असतं, दाताखाली करकर आवाज येतो, दहा मिनिटं जातात, तोपर्यंत चहा येतो. चहात साखर अर्धा चमचा. चहाबरोबर बिस्किट नाही, कारण बिस्किटाचं मला थांबता येत नाही, दोन म्हणता म्हणता पुडा संपतो. हे सगळं मिळून दोनशे कॅलरी होतात, आणि सिग्नलला भज्यांचा वास आजही येतो, छान वाटतो, पण सिग्नल सुटला की मी गाडी सरळ घरी नेते. पहिले आठ दहा दिवस सवयीने हात फ्रीजवर जाईल. डबा तिथून हलवा, माळ्यावर ठेवा, आणि शक्य असेल तर घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात न जाता आधी हातपाय धुऊन कपडे बदला, एवढ्या पाच मिनिटांनी फरक पडतो.

घरच्यांचं सांगायलाच हवं. माझ्या सासूबाईंना आधी वाटायचं मी उपाशी राहते, त्या काळजीपोटी ताटात वाढत राहायच्या, आणि त्यांच्या हाताला नाही म्हणणं जमायचं नाही. मी त्यांनाच विचारलं, आई, तुम्ही मला रोज मोड आणून द्याल का? आता मटकी, मूग, हरभरा, कधी काय भिजवायचं ते त्याच बघतात आणि मी किती खाल्लं यापेक्षा उसळ संपली का ते विचारतात. वाढणारा हात आपल्या बाजूला आला की निम्मं काम होतं.

द्राक्षांचा सीझन आपल्याकडे वेगळाच असतो, जानेवारी ते एप्रिल घरात क्रेट येतात, दिंडोरी पिंपळगावचे नातेवाईक असतील तर विचारायलाच नको. द्राक्षं वाईट नाहीत, 80 टक्के पाणी आहे, पण क्रेटमधून येता जाता तोडून खाल्ली तर किलो कधी संपला कळत नाही, आणि किलोभर म्हणजे साडेसहाशे सातशे कॅलरी. वाटीत काढा, बसून खा, जेवणानंतर गोड म्हणून खा. रस मात्र नको, उसाचा नको आणि द्राक्षाचाही नको, चालून आल्यावर कितीही हवासा वाटला तरी. साखर सगळी पोटात जाते आणि पोट भरत नाही, अर्ध्या तासात पुन्हा भूक. तहान असेल तर लिंबूपाणी मीठ घालून.

उपवासांनी माझं खूप नुकसान केलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी केली, लहान फेरी, वीसेक किलोमीटर, पावसात, चिखलात. पहाटे चहा आणि अर्धी वाटी साबुदाणा खिचडी एवढ्यावर निघाले, मनात विचार हाच की उपवासही होईल आणि वजनही उतरेल. निम्म्याच्या पुढे गेल्यावर हात थरथरायला लागले, डोळ्यापुढे अंधारी आली, दगडावर बसले तर उठता येईना. एका अनोळखी मावशींनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून हातात दिला, एक केळं दिलं, पाणी दिलं आणि मी उठेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. घरी आल्यावर मात्र त्या दिवशी मी साबुदाणे वडे किती खाल्ले ते मोजलेच नाहीत, आणि पुढचे दोन दिवसही भूक आवरत नव्हती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नाही म्हणायलाच आहे. आता उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी, वाटीभर दही, राजगिऱ्याचं थालीपीठ, दूध, फळ असं ठरलेलं असतं, आणि उपवासाच्या दिवशी मोठा व्यायाम ठेवत नाही, नुसतं अर्धा तास फिरून येते. श्रद्धा आपल्या जागी आहे, ती मला मनापासून महत्त्वाची आहे, त्यात वजनाचा हिशेब मिसळला की दोन्हीचं नीट होत नाही.

भूक जास्त लागायची आणखी काही कारणं आहेत ज्यांचा खाण्याशी थेट संबंध नाही. झोप हे सगळ्यात मोठं. रात्री पाच तास झोपून साडेपाचला ट्रॅकवर जाण्यापेक्षा सात तास झोपा आणि त्या दिवशी संध्याकाळी चाला, कारण कमी झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि नेमकं तळलेलं गोडच हवंसं वाटतं. बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात भूक वाढते, ती खरी असते, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, त्या दिवसांत मी शंभर दीडशे कॅलरी जास्तीच्या धरून चालते आणि त्या उसळीत किंवा अंड्यात घालते. आणि डिसेंबर जानेवारीत नाशिकची थंडी पडली की गरम काहीतरी हवं असतं, तेव्हा जेवणाआधी टोमॅटोचं किंवा शेवग्याच्या शेंगांचं सार वाटीभर, पोट गरम होतं आणि पोळी एक कमी लागते. थंडीत नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी पण करून बघा, इकडे त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडची नागली बाजारात चांगली मिळते, एक भाकरी खाल्ली की पोटाला आधार राहतो.

आता मिसळ. महिन्यातून दोनदा मी खाते, पूर्ण मन लावून खाते. घरून निघताना एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही खाऊन जाते म्हणजे भुकेने तुटून पडत नाही. तिथे गेल्यावर मटकी जास्त मागायची, फरसाण वेगळ्या वाटीत, पाव दोन, आणि तर्री वरून ओतून न घेता चमच्याने घ्यायची. पापड एक. चव तीच राहते. त्या दिवशी दुपारी पूर्ण जेवायचं नाही, पण उपाशीही राहायचं नाही, ताक आणि कोशिंबीर आणि थोडं वरण, आणि संध्याकाळी पाचचा डबा रविवारीसुद्धा. मिसळ खाल्ली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका, जास्त चाललात की भूक जास्त लागते आणि तेच चक्र फिरतं.

घाई करू नका हे पण मनापासून सांगते. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात, रोज 500 कमी केल्या तर आठवड्याला अर्धा किलो जाईल असा कागदावरचा हिशेब, प्रत्यक्षात त्याहून कमीच जातं. मी 300-400 च्याच कमी केल्या. हजार कमी करणाऱ्या मैत्रिणी पाहिल्यात, तीन आठवडे टिकतात, मग भूक त्यांना धरून आपटते. रात्री भुकेने झोपमोड होत असेल, सारखी चिडचिड होत असेल, केस गळत असतील, पाळी लांबली असेल तर तुम्ही फार कमी खाताय, खाणं वाढवा. आणि खूप तहान, सारखी लघवी, भरपूर खाऊनही वजन आपोआप उतरतंय असं असेल तर शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या, ते डाएटचं काम नाही. भुकेवर एकदम खूप खाणं आणि मग ओकून काढणं किंवा दिवस दिवस उपाशी राहणं असं होत असेल तर कृपा करून डॉक्टरांशी बोला, एकट्याने ओढू नका.

आणि पाचच्या डब्याची सुरुवात करायची असेल तर मटकी आज रात्रीच भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधा, वर पातेलं पालथं घाला, उन्हाळा असेल तर रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत एक रात्र जास्त द्या आणि पुरचुंडी ओट्यावर न ठेवता बंद ओव्हनमध्ये उबेला ठेवा. परवा डब्यात नेता येईल.